अर्धी गोळी कुणी करायची?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही मंगळवार पेठेत राहतो. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, घरातले सगळे त्यांना आक्का म्हणतात. वजन 44 किलो. बीपी आणि शुगर जुनी आहे, शिवाय गुडघ्यांची आणि झोपेची तक्रार. बीपी-शुगरला एक डॉक्टर, गुडघ्यांना दुसरे, आणि मागच्या वर्षी पाय सुजले तेव्हा तिसरे. दिवसाला अकरा गोळ्या होतात. यादी आणि रिपोर्टचे फोटो सोबत जोडले आहेत.

घट बसल्यापासून आक्कांचा नऊ दिवस उपवास असतो, कुणाचं ऐकत नाहीत. तिसऱ्या माळेला पहाटे साडेपाचला न्हाणीच्या दारात पडल्या. डोक्याला कुठे लागलं नाही, पण उठवलं तेव्हा मला ओळखायला त्यांना मिनिटभर लागलं. आमचे मिस्टर म्हणाले, बीपीची गोळी जास्त होतीय. त्या दिवसापासून बीपीच्या दोन गोळ्या सुरीने अर्ध्या करून देतोय. वन्सं पुण्याहून फोनवर खूप बोलल्या. डॉक्टरांना सांगायची भीती वाटते, रागावतील. शुगर मात्र छान आहे, तीन महिन्यांची साखर 6.3 आली. आम्ही केलं ते चुकलं का? आणि म्हाताऱ्या माणसाचा डोस कमी करायचाच असला तर करतात तरी कसा?

— एक सून, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं तेव्हा पाचवी माळ होती. त्यातली एक गोष्ट सदर प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्यासारखी नव्हती, म्हणून पत्रातल्या नंबरवर लगेच फोन केला. तेव्हा आपलं जे बोलणं झालं ते तुमच्या परवानगीने इथे सगळ्यांसाठी लिहिते आहे. अर्धी गोळी करणारी घरं आपल्या गावात पुष्कळ आहेत. तीस वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे फार्मासिस्ट म्हणून उभी आहे, ती सुरी मला माहीत आहे.

फोनवर मी पहिला प्रश्न बीपीचा विचारलाच नाही. आक्कांनी सकाळपासून काय खाल्लंय, एवढंच विचारलं. तुम्ही म्हणालात, कपभर दूध आणि एक केळं. आणि साखरेची सकाळची गोळी? ती दिली, रोजच्यासारखी. मग शेजारच्या काकांचं मशीन आणून बोट टोचायला सांगितलं. दुपारचे चार वाजले होते. मशीनवर 58 आलं. आक्का देव्हाऱ्यासमोर बसून माळ ओढत होत्या आणि म्हणत होत्या, "मला काय धाड भरलीया?" हाताला कंप नाही, धडधड नाही. फक्त मान घामाने ओली होती, आणि तेही तुम्ही पदराने टिपलंत म्हणून कळलं.

साखर 70 च्या खाली गेली की ती कमी समजायची. तरुण माणसाचं शरीर अशा वेळी आरडाओरडा करतं: हात थरथरतात, छातीत धडधडतं, भूक खवळते. वयस्कर माणसात हा आरडाओरडा मंदावतो. त्यात आक्का मेटोप्रोलॉल घेतात, तुमच्या यादीतली तिसरी गोळी. ती बीपी आणि हृदयाचे ठोके आवरते, आणि त्याबरोबर थरथर आणि धडधडही झाकून टाकते. उरतो तो घाम, आणि नंतर थेट गोंधळलेपण. न्हाणीच्या दारात सुनेला ओळखायला मिनिट लागलं, ते मला म्हणूनच खटकलं.

त्या दुपारी तुम्ही तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिलीत, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलंत, मग वरण-भात भरवलात आणि डॉक्टरांना फोन केलात. हा क्रम ज्यांच्या घरी साखरेची गोळी आहे त्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. साखर, ग्लुकोज पावडर किंवा गुळाचं पाणी चालतं. पेढा-बर्फी नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, 108 ला फोन करायचा. आणि एकदा आकडा वर आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. आक्कांच्या साखरेच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, त्याचा अंमल बराच वेळ टिकतो, किडनी मंद असेल तर आणखी. साखर तासाभराने पुन्हा घसरू शकते. डॉक्टरांनी आक्कांना रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं ते याचसाठी.

आता तुमचा प्रश्न. आम्ही केलं ते चुकलं का?

डोस जास्त होतोय हे तुमच्या मिस्टरांना बरोबर कळलं. आईकडे पाहणाऱ्या मुलाच्या डोळ्याला ते दिसलं, आणि त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावू नये, पुण्याच्या वन्संनीही नाही. चूक झाली ती पुढे. चक्कर म्हटलं की आपल्याला बीपीच आठवतं, म्हणून हाताशी बीपीची गोळी आली. ज्या गोळीला हात लावायला हवा होता ती, रिपोर्ट 6.3 म्हणून, पूर्ण डोसात चालू राहिली. तेही उपाशीपोटी.

तो 6.3 मला छान वाटत नाही, आणि हे मी ठासून लिहिते. तीन महिन्यांची सरासरी साखर चाळिशीच्या माणसात 6.3 असेल तर आनंद आहे. 78 वर्षांच्या, 44 किलोच्या, अकरा गोळ्या घेणाऱ्या बाईत ती ग्लिमेपिराइडच्या जोरावर 6.3 असेल, तर मधूनमधून साखर तळाला जात असणार असा संशय घ्यायला हवा. या वयात, इतर आजार सोबत असताना, 8 च्या आत राहिली तरी पुरे, असं मधुमेहाचे तज्ज्ञही मानतात. साखर थोडी जास्त राहिल्याचं नुकसान व्हायला वर्षं लागतात. कमी झाल्याचं नुकसान एका पहाटेत होतं, खुब्याच्या हाडासकट.

आता तुम्ही पाठवलेला क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट बघू. 1.1 आहे, लॅबने पुढे 'नॉर्मल' छापलंय, आणि तीन डॉक्टरांपैकी कुणी त्यावर बोट ठेवल्याचं तुमच्या फाईलमध्ये दिसत नाही. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होतं. आक्कांच्या दंडात आता स्नायू राहिलाय किती? तयारच कमी होतं, म्हणून किडनी मंद असली तरी रक्तातला आकडा सरळ दिसतो. यासाठी 1976 साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोन डॉक्टरांनी मांडलेलं सूत्र आहे, वहीच्या पाठीमागे करता येईल इतकं सोपं. 140 मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, मग क्रिएटिनिनच्या 72 पटीने भागायचं. बाई असेल तर शेवटी 0.85 ने गुणायचं. आक्कांचं करून बघा: 140 उणे 78 म्हणजे 62. गुणिले 44, झाले 2728. भागिले 79.2, आले 34. त्याला 0.85 ने गुणलं की 29, म्हणजे किडनी मिनिटाला साधारण तेवढे मिलिलिटर रक्त गाळते. तरुण निरोगी माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. जो रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणून फाईलमध्ये गेला, त्याच्या मागे ही 29 ची किडनी आहे.

तुमच्या रिपोर्टवर खाली जीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग, म्हणून 51 छापलंय. तो दुसऱ्या सूत्राचा आकडा आहे आणि सरासरी अंगकाठीचा माणूस धरून काढलेला आहे. आक्कांसारख्या बारक्या बाईला तो जास्त दाखवतो. म्हणून डॉक्टरांसमोर दोन्ही आकडे ठेवा आणि सरळ विचारा, "किडनीच्या हिशेबाने कुठल्या गोळीचा डोस बदलायला हवा?" मेटफॉर्मिन या साखरेच्या दुसऱ्या औषधाचा डोस जीएफआर 45 च्या खाली गेला की कमी करतात आणि 30 च्या खाली बंद करतात. ग्लिमेपिराइड तर अशा वयात आणि अशा किडनीला सुरूच 1 मिलिग्रॅमने करायची असते. आक्का दिवसाला 4 घेत होत्या. पंधरा वर्षांपूर्वी, साठी ओलांडलेल्या आणि भरल्या अंगाच्या आक्कांना तो डोस बरोबर असेल. डोस तोच राहिला, माणूस बदलत गेला.

मी डॉक्टर नाही, आणि कुठली गोळी किती हे मी ठरवणार नाही. पण यादी वाचणं हे माझं रोजचं काम आहे. तुमची यादी वाचून मला जे दिसतं ते सांगते, म्हणजे डॉक्टरांपुढे काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

अम्लोडिपिन ही बीपीची गोळी. तिच्यामुळे कित्येकांचे पाय घोट्याशी सुजतात. ही सूज अंगात पाणी साठल्याची नसते, पायातल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावून पाणी बाहेर झिरपतं म्हणून येते. मागच्या वर्षी आक्कांचे पाय सुजले, तुम्ही तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, त्यांनी फ्युरोसेमाइड म्हणजे लघवीची गोळी दिली. पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी पाहिली होती का? तुम्ही फोनवर म्हणालात, फाईल घरी राहिली होती. एका गोळीचा त्रास नवा आजार समजून दुसरी गोळी लागली असण्याची इथे दाट शक्यता आहे. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी कमी होतं, उठल्यावर बीपी खाली येतं. तुम्ही ती संध्याकाळच्या चहाबरोबर देताय, म्हणजे आक्का त्यामुळेच रात्रीत दोन-तीनदा उठत असतील. आणि उठतात त्या झोपेच्या गोळीच्या गुंगीत, अंधारात. अम्लोडिपिन 5 ची 2.5 केली किंवा बदलली आणि सूज उतरली, तर लघवीची गोळीही जाऊ शकेल. हे त्या दोन डॉक्टरांपैकी एकाने दुसऱ्याची चिठ्ठी पाहूनच ठरवायला हवं.

गुडघ्यांसाठीची असिक्लोफिनॅक मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. टेल्मिसार्टन (तुमच्या यादीतली बीपीची आणखी एक गोळी), लघवीची गोळी आणि असिक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी, हे त्रिकूट म्हाताऱ्या किडनीवर एकत्र फार वाईट चालतं. त्यात उपवास आणि उन्हातली दर्शनाची रांग, म्हणजे पाणी आणखी कमी. शिवाय या गोळीने बीपी वाढतं, ते उतरवायला आपण बीपीची गोळी वाढवतो. गुडघ्याला लावायचं मलम, शेक, मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि हिशेबात घेतलेलं पॅरासिटामॉल, हे मार्ग आधी विचारा. पॅरासिटामॉलही 44 किलोच्या माणसाला दिवसाला 2 ग्रॅमच्या पुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि यादीत न लिहिलेलं काही असेल तर तेही सांगा. बाजारच्या दिवशी कुणीतरी आणून दिलेल्या सांधेदुखीच्या पुड्या, सर्दीची गोळी, काढा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याचे प्रकार झालेले आहेत. सर्दीच्या साध्या गोळीने या वयात लघवी अडते, डोकं गोंधळतं.

झोपेची गोळी, अल्प्राझोलम 0.25. वयाबरोबर अंगात चरबीचं प्रमाण वाढतं, यकृताचं काम मंदावतं, त्यामुळे असली औषधं शरीरात रेंगाळतात. पहाटे साडेपाचला तिचा अंमल उतरलेला नसतो. अमेरिकेतले डॉक्टर मार्क बीअर्स यांनी 1991 साली वयस्करांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती यादी अजूनही सुधारली जाते, 2023 सालीही सुधारली गेली. तिच्यात झोपेच्या या सगळ्या गोळ्या आहेत, असिक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या आहेत, ग्लिमेपिराइडची जातही आहे. यादीत नाव आहे म्हणजे गोळी विष आहे असं समजू नका. तिथे थांबून विचार करायचा, एवढाच तिचा अर्थ.

पण हे वाचून आज रात्री अल्प्राझोलम बंद करू नका. खूप दिवस चाललेली ही गोळी एकदम तोडली तर झोप साफ उडते, जीव घाबरा होतो, क्वचित झटकेही येतात. ती आठवड्या-आठवड्यांनी उतरवत न्यावी लागते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेटोप्रोलॉलचंही तसंच. ती अचानक थांबवली तर बीपी आणि ठोके उसळतात, हृदयविकार असेल तर झटका येऊ शकतो. फिटच्या, पार्किन्सनच्या आणि स्टेरॉइडच्या गोळ्याही एकदम थांबवायच्या नाहीत, तुमच्याकडे नसल्या तरी वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. अॅस्पिरिन ही रक्त पातळ करायची गोळी आक्कांना कशासाठी चालू आहे ते विचारा. पूर्वी हृदयविकार किंवा स्टेंट नसेल तर या वयात तिची गरज आहे का, हा प्रश्न योग्य आहे. स्टेंट असेल तर तिला हात लावायचा नाही. पित्ताची गोळी मात्र आधी थांबवू नका. अॅस्पिरिन आणि दुखण्याची गोळी चालू असेपर्यंत ती पोट सांभाळते आहे.

आता ती सुरी. तुम्ही टेल्मिसार्टन कापलीत आणि उरलेली अर्धी दुसऱ्या दिवसासाठी वाटीत ठेवलीत. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढते. स्ट्रिपमधून काढली की लगेच घ्यायची असते. अजून पाऊस पुरता गेलेला नाही, स्वयंपाकघरात दमट हवा आहे, ती वाटीतली अर्धी गोळी दुसऱ्या दिवशी कितपत उपयोगाची राहिली असेल, सांगवत नाही. मेटोप्रोलॉलची तुमची गोळी हळूहळू विरघळणारी आहे. तिच्यावर मधोमध रेघ असेल तर त्या रेघेवर दोन तुकडे चालतात, पण चुरा झाला किंवा आक्कांनी चावून खाल्ली तर दिवसभराचं औषध तासाभरात अंगात उतरतं. साखरेची जोडगोळी, म्हणजे दोन औषधं एकत्र असलेली, जिच्या नावापुढे एसआर (हळूहळू सुटणारी) आहे, ती तर कापायचीच नाही. पित्ताची गोळी वरचं आवरण तुटलं की पोटातल्या आम्लात वाया जाते. रेघ नसलेली गोळी सुरीखाली कधी बरोबर अर्धी होत नाही, एक तुकडा मोठा, एक छोटा, उरलेला पोळपाटावर.

आणि कापायची गरजही फारशी नसते. टेल्मिसार्टन 20 ची मिळते, मेटोप्रोलॉल 25 आणि 12.5 ची मिळते, अम्लोडिपिन 2.5 ची. डॉक्टरांनी डोस कमी केला की चिठ्ठीवर कमी ताकदीची गोळीच लिहून मागा. जुनी संपवायची म्हणून कापत बसू नका.

बीपीबद्दल. फोनवर सांगितल्याप्रमाणे तुम्ही आक्कांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलंत, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. आडवं असताना 156/84, उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी 124/70. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने घसरला तरी तो दोष धरतात. इथे वरचा 32 ने घसरला, आणि तोही गोळ्या अर्ध्या केलेल्या असताना! म्हणजे बसल्या जागी बीपी जास्त आणि उभं राहिलं की पायाखालची जमीन सरकते. डॉक्टरांनी फक्त बसवून बीपी पाहिलं तर ते गोळी वाढवतील, तुम्ही फक्त पडणं पाहिलंत म्हणून कमी केलीत. दोघांनी अर्धं अर्धं चित्र पाहिलं. ही घसरण लघवीच्या गोळीने आहे, झोपेच्या गोळीने आहे, पाणी कमी पडल्याने आहे, की नसांनाच शुगरने इजा झालीय, हे शोधल्याशिवाय बीपीच्या गोळीचा निकाल लावता येत नाही.

म्हणून एका वेळी एकच बदल. हे मी वारंवार सांगत आले आहे. तीन डॉक्टर तीन बदल एकाच आठवड्यात करतात, माणूस बरा झाला किंवा बिघडला तर कशाने ते कुणालाच कळत नाही. साखर घसरण्यासारखा धोका असेल तर तो लगेच थांबवायचाच, तो थांबवला गेला. बाकीच्यांत डॉक्टर आधी एका गोळीला हात लावतील, दोनेक आठवडे तुम्ही रोज बीपी आडवं-उभं लिहाल, आठवड्यातून दोन-तीनदा पहाटेची आणि जेवणाआधीची साखर लिहाल, मग पुढची गोळी. मध्ये एकदा क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियमची तपासणी. सावकाश वाटेल. पंधरा वर्षांत चढलेल्या गोळ्या पंधरवड्यात उतरत नाहीत.

माझ्या वडिलांचं सांगते, कारण तेव्हा मीच कमी पडले. एका इस्पितळातून त्यांना घरी सोडलं तेव्हा चिठ्ठीवर ठोक्यांची गोळी नव्या कंपनीच्या नावाने लिहिली होती. घरात तीच गोळी जुन्या कंपनीच्या नावाने चालू होती. भावाने नवी आणली, आईने जुनी बंद केली नाही, कारण बंद करा असं कुणी म्हटलं नव्हतं. नाव वेगळं, रंग वेगळा, औषध एकच. बारा दिवस दुप्पट डोस. तेराव्या दिवशी मी घरी गेले, हात हातात घेतला तर नाडी 42. फार्मासिस्ट असून मी ती पाकिटं बारा दिवस पाहिली नव्हती. तेव्हापासून काउंटरवर कुणी नवी चिठ्ठी घेऊन आलं की मी विचारते, घरात आधीचं काय चालू आहे? सरकारी जनऔषधी केंद्रातून घ्या, नाहीतर पेठेतल्या मेडिकलमधून, पण नवी गोळी घरात आली की मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा आणि जुन्या पाकिटांशी ताडून बघा. वाचता आलं नाही तर दुकानात विचारा, आम्ही त्यासाठीच उभे असतो.

डॉक्टर रागावतील ही तुमची भीती मी हलकी मानत नाही. काही रागावतात. तरीही "आम्ही तिसऱ्या माळेपासून या दोन गोळ्या अर्ध्या देतोय" हे वाक्य पहिल्यांदा बोला, बसल्या बसल्या. ते कळलं नाही तर समोरचा 156 त्यांना पूर्ण डोसाचा वाटेल आणि ते डोस वाढवतील. मग लपवलेल्या गोष्टीची शिक्षा आक्कांना होईल. आणि तीन डॉक्टरांमधले एक निवडा, माझ्या मते बीपी-शुगरचे, कारण ते आक्कांना जास्त वर्षं ओळखतात. सगळी यादी त्यांच्या ताब्यात द्या. गुडघ्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांनी नवी गोळी लिहिली की ती यांना दाखवल्याशिवाय सुरू करायची नाही.

जाताना घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून न्या, चालू-बंद, मलमं, थेंब, पुड्या, सगळं. यादी लिहून नेली की एखादं नाव सुटतंच. नेहमी "आणखी काही द्या" म्हणतो, या वेळी विचारा, "यातलं आता काय कमी करता येईल?" डॉक्टर पाच मिनिटं जास्त देतील.

उपवासाचं आक्कांशी तुम्ही बोलू नका, तुमचं त्या ऐकणार नाहीत. डॉक्टरांनी सांगू दे, किंवा त्यांच्या वयाच्या एखाद्या मैत्रिणीने. घट उठता-बसता उपवास करणाऱ्या बायका आपल्याकडे किती आहेत, अंबाबाईला तेवढं चालतं. आणि एका दिवसाचा उपवास असला, संकष्टी असो की एकादशी, तरी त्या दिवशी साखरेची कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही हे आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. जेवण नाही तर ती ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी नाही, एवढं तर फोन लागेपर्यंत पाळाच. उलट्या-जुलाब लागले, ताप आला, खाणं-पिणं सुटलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं, लघवीची, बीपीची आणि मेटफॉर्मिनची गोळी आज द्यायची का. अंगातलं पाणी कमी असताना त्या गोळ्या किडनीला मारक ठरतात.

पुन्हा पडल्या आणि डोक्याला लागलं, तर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यामुळे वरून काही दिसलं नाही तरी दवाखान्यात दाखवा. बोलणं अडखळलं, एक हात लुळा वाटला, छातीत दुखलं, किंवा हाक मारूनही नीट उत्तर येईना, तर आधी 108, मग मला किंवा वन्संना फोन. रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा लावून ठेवा, आणि आक्कांना उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसायची सवय लावा.

डॉक्टरांकडे जाताना आक्कांना घरी ठेवून जाऊ नका. गोळ्या त्यांच्या पोटात जाणार आहेत. कुठली बंद झाली आणि का, हे त्यांच्या कानावर डॉक्टरांच्या तोंडून पडू दे, नाहीतर "सुनेनं माझी गोळी बंद केली" म्हणून त्या जुन्या पाकिटातली गुपचूप घेतील. फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात ना, देव्हाऱ्याखालच्या डब्यात साखरेच्या जोडगोळीच्या अजून दोन स्ट्रिप आहेत? त्या आजच काढून घ्या.